खांद्याची खोबण

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला, तेव्हा आत्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. याच हातांवर आडवं धरून तिनं आम्हा सगळ्या भाचरांना विहिरीत पोहायला शिकवलं होतं.

काही वर्षांपूर्वी तिला बसवलेला कृत्रिम खांदा आता सैल झाला होता. "खोबणीचं हाड झिजलंय," डॉक्टर म्हणाले. "कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं भरू, नवा सांधा बसवू. पण ते हाड तिथं रुजून धरेलच असं नाही."

"धरलं, तर पोहता येईल?"

"नाही, आजी. दुखणं कमी होईल. घास तोंडापर्यंत जाईल."

माणूस झिजतो ते बाहेरून दिसतं, असं मला वाटायचं. ज्याच्या आधारानं दुरुस्ती करायची, तेच आतल्या आत संपत जातं, हे मला तिथं कळलं.

परतताना कालव्यापाशी तिनं रिक्षा थांबवली. काठाजवळच्या उथळ पाण्यात एक मुलगी पोहायला शिकत धडपडत होती.

"हात लांब टाक गं!" आत्या ओरडली.

मुलीनं वर पाहिलं. "कसा?"

आत्याच्या खांद्यावरचा पदर जरासा हलला. हात मांडीवरच राहिला.

"चला," ती रिक्षावाल्याला म्हणाली.