पडताना ओरडायचं नाही

माझं लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलाची थोरली बहीण सिनेमात आहे. मी सगळ्या मैत्रिणींना सांगून मोकळी झाले. लग्नानंतर नवरा मला तिचा सिनेमा दाखवायला घेऊन गेला. मी डोळे फाडून पडद्याकडे बघतेय, मध्यंतर झालं तरी नणंदेचा पत्ता नाही. मग एक बाई दुसऱ्या मजल्याची काच फोडून खाली आली, तसा नवरा खुर्चीतून अर्धा उठला आणि ओरडला, "ती बघ, ताई!" मला दिसली ती एक पाठ. तीही आली आणि गेली. पुढच्या क्षणी जमिनीवरून उठून केस सावरत होती ती नायिका.

तर ताईचा धंदा पडण्याचा. जिन्यावरून, भिंतीवरून, चालत्या गाडीतून, जळत्या दारातून. नायिका दारापर्यंत धावत यायची आणि तिच्यासारखेच कपडे घातलेली ताई दाराबाहेर फेकली जायची. चेहरा दिसता कामा नये, ही पहिली अट. दुसरी अट मला फार उशिरा कळली. पडताना ओरडायचं नाही.

कारण सरळ आहे. पडद्यावर आपण ऐकतो ती किंकाळी नंतर कुणीतरी बंद खोलीत बसून भरतं. शूटिंगच्या वेळी पडणाऱ्याने आवाज काढला तर सगळ्यांना वाटतं, खरंच लागलं. मग कॅमेरा थांबवा, धावाधाव करा, सगळं पुन्हा मांडा. असं एक-दोनदा झालं की त्या माणसाला परत बोलावत नाहीत. ज्याने तिला हे काम शिकवलं तो दणकट म्हातारा फाइट मास्टर म्हणायचा, "पोतं पडताना ओरडतं का? मग तूही ओरडू नकोस." त्यावरून तिचं नावच 'पोतं' पडलं. ताईला त्या नावाचा केवढा अभिमान! मला कुणी पोतं म्हटलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे सरळ केला असता.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरी शिवणकाम करायच्या. मुलीने हे काम धरलं तेव्हा त्यांनी आधी आदळआपट केली, मग अबोला धरला, आणि मग एक दिवस जुन्या गादीतला फोम कापून तिच्या गुडघ्यांसाठी आणि कोपरांसाठी पॅड शिवायला बसल्या. कपड्यांच्या आत असे चपखल बसायचे की बाहेरून काही म्हणजे काही कळू नये. "पडायचंच आहे तर नीट पड," एवढंच म्हणाल्या.

ताई लहानपणापासूनच चढण्या-पडण्यातली. मागच्या भिंतीवरून धप्पकन आवाज आला की आई मशीन न थांबवता आतून विचारायच्या, "लागलं का गं?" आणि तो धप्प विरायच्या आत बाहेरून उत्तर यायचं, "नाही!" माझा नवरा दोघींची नक्कल इतकी छान करतो की मी तो प्रकार डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगू शकते.

हे विचारणं बंद कसं झालं, तेही त्यानेच सांगितलं. कामाच्या पहिल्या वर्षी ताईला जिन्यावरून गडगडत खाली यायचं होतं. ती घरी आली. आईंनी विचारलं, "लागलं का?" ताई म्हणाली, "नाही." चमचा डाव्या हाताने धरून जेवली आणि वर तोंड करून म्हणाली की डाव्या हाताची सवय करतेय. दोन दिवसांनी ओला टॉवेल पिळताना तो हातातून गळून पडला आणि आईंनी तिचं मनगट पाहिलं. हाड मोडलं होतं. डॉक्टरकडे आईंनी तोंडातून ब्रदेखील काढला नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "मी विचारलं आणि तू खोटं बोललीस. आता मी विचारणार नाही. खरं सांगावंसं वाटेल तेव्हा तू होऊन सांग."

आणि खरंच, त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

ताईने होऊन सांगितलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे! सिनेमात जन्मभर पडली, पण घरात पडतं घ्यायचं नाव नाही. कामावरून लंगडत यायची आणि मशीनपाशी घुटमळत राहायची. खाली पडलेले दोरे वेच, कात्री जागेवर ठेव, असं काहीबाही करत. मला कळायचं, ही वाट बघतेय. आईंनी एकदा विचारावं, एवढंसं ते वाक्य. आई मान वर करून बघायच्या, पुन्हा खाली घालायच्या, आणि ती झोपली की हळूच मला विचारायच्या, "मान धरलीय का गं तिची? कूस बदलताना थांबते." मी म्हणायचे, "तिलाच विचारा ना." तर म्हणायच्या, "तिने सांगू दे." वाटायचं, दोघींची डोकी धरून एकमेकींवर आपटावी. पण एकीचं डोकं आधीच पुष्कळदा आपटलेलं होतं.

एकदा मी तिच्या खांद्याला बाम चोळत होते. ती म्हणाली, "शूटिंगला दिवसभर 'लागला का? लागला का?' चाललेलं असतं. सुरुवातीला मला वाटायचं, माझीच चौकशी करतायत. मी आपली 'नाही, नाही' म्हणायचे आणि सगळे हसायचे. ते कॅमेऱ्याचं विचारत असतात गं. फोकस लागला का." असं म्हणून ती स्वतःच खूप हसली. मला काही हसू आलं नाही. माझ्या हाताखाली तो खांदा लाकडासारखा झाला होता.

मग ते शेवटचं पडणं झालं. उंच भिंतीवरून मागच्या मागे पडायचं होतं. खाली रिकाम्या खोक्यांची रास असते, खोकी दबत जातात आणि माणूस वाचतो. त्या दिवशी रास एका बाजूला सरकली आणि ताईची पाठ जमिनीवर आली. तिने हूं की चूं केलं नाही. शॉट सुरेख झाला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती तशीच पडून राहिली. टाळ्या थांबल्या, दिवे हलवायला सुरुवात झाली, तरी ही उठेना, तेव्हा म्हातारा मास्टर धावला. नंतर मला म्हणाला, "इतकं चांगलं शिकवायला नको होतं मी तिला."

हॉस्पिटलमध्ये आई तिच्या उशाशी बसून असायच्या. संत्रं सोलायच्या, एकेक फोड तिच्या तोंडात घालायच्या. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. इतकं होऊनही आई विचारत नाहीत आणि ताई सांगत नाही. मी एकदा चिडून बाहेर निघून गेले आणि जिन्यात बसून रडले. पाठीत स्क्रू बसले. डॉक्टरांनी सांगितलं, आता पडणं बंद.

आम्ही तिला घरी आणलं. पडणं बंद झालेल्या बाईने घरात करायचं काय? खुर्चीत बसून ती खिडकीबाहेरच्या भिंतीची उंची डोळ्यांनी मोजायची. मला म्हणाली, "इथून सहज पडता येईल." मी म्हटलं, "ताई, तुम्ही आधी चहा घ्या."

अशात एका रेकॉर्डिस्टचा फोन आला. व्हिडिओ गेममधल्या एका लढवय्या बाईसाठी आवाज हवा होता. संवाद दुसरीच कुणी बोलणार होती. हिने फक्त पडायचं, धापा टाकायच्या, मार खायचा, मरायचं. तेवढ्या कामात आमच्या ताईसारखा अनुभव कुणाचा असणार! पाठीमुळे एकटीला सोडवेना, म्हणून मी बरोबर गेले. छोटीशी खोली, भिंतींना जाड काळा स्पंज, मधे माइक, काचेपलीकडे तो. म्हणाला, "ताई, कट्ट्यावरून पडा."

ताईने गुडघे जरा वाकवले, हनुवटी छातीशी घेतली, तोंड घट्ट मिटलं.

"आवाज?" तो म्हणाला.

"पडले की."

"पडलात हो, पण ऐकू नाही आलं."

दोन मजले झाले, पाणी झालं, आग झाली. दरवेळी ताई मनापासून पडायची आणि दरवेळी तोंड मिटलेलं. काचेपलीकडे त्या बिचाऱ्याने कपाळाला हात लावला. परतताना रिक्षात ती म्हणाली, "मला ओरडताच येत नाही गं. कुठे गेलं कुणास ठाऊक."

मी तिला शिकवायचं ठरवलं. किंचाळण्यात मी कुणाला हार जाणार नाही. माहेरी माझ्यासमोर झुरळ निघालं की शेजारची घरं गोळा व्हायची. मी किंचाळून दाखवलं. ताईने माझ्यामागून जो आवाज काढला तो दारावरच्या बेलसारखा होता. पुन्हा मी, पुन्हा ती. शेवटी वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन काठी घेऊन आम्हाला वाचवायला खाली आले. त्यांना चहा देऊन परत पाठवावं लागलं.

त्याच संध्याकाळी ताई पाणी प्यायला उठली आणि तिच्या पायाची करंगळी आईंच्या मशीनच्या लोखंडी पायावर आपटली.

"आई गं!"

मशीनवरचा आईंचा पाय थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ उघडले होते. मग त्यांनी ते मिटले आणि पाय पुन्हा चालू लागला, पण कापड पुढे सरकत नव्हतं, दोरा तुटला होता. ताई करंगळी हातात धरून उभी होती. चेहऱ्यावर दुखल्याचा भाव नव्हता, हरवलेली किल्ली सापडल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी ती ओरडली. पण आता अडचण निराळीच. कट्ट्यावरून पडली तरी "आई गं", बाण लागला तरी "आई गं", आगीत सापडली तरी "आई गं". रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, शब्द नको, नुसता आवाज. हा गेम दुसऱ्या भाषांतही जायचाय." मग तिने एकेका किंकाळीतून आई काढून टाकली. संध्याकाळपर्यंत घसा बसला. शेवटी राहिला सगळ्यात उंच मनोरा. तिथे ती पुन्हा "आई गं" म्हणाली. रेकॉर्डिस्टने ते दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "हे राहू द्या. हे मला कापवत नाही."

तेव्हापासून तिला काम मिळत गेलं. सैनिक झाली, चेटकीण झाली, एकदा घोडाही झाली. पण घोड्याचा पगार बाईच्या पगाराइतकाच, अशी तिची तक्रार. मात्र एखादं लांबलचक वाक्य आपल्याला बोलायला मिळावं, ही तिची हौस राहूनच गेली.

तो पहिला गेम बाजारात आला तसा माझा नवरा तो घेऊन आला. रंगाच्या दुकानात दिवसभर डबे उचलणारा माणूस, बोटं जाड, एकदा दाबायचं बटण तीनदा दाबतो. त्यामुळे ती लढवय्या बाई सारखी पडायची. "अरे, जरा बघून चालव," ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, "किती पाडशील मला?" त्याला कसंही करून मनोऱ्यापर्यंत पोचायचं होतं. बहीण तिथे काय ओरडलीय ते त्याला ऐकायचं होतं.

आईंना आता नीट दिसत नव्हतं. मशीनवर खोळ घातली होती. दुपारी त्या आतल्या खोलीत पडून असायच्या. बाहेरची धापा-कण्हण्याची गडबड त्यांना ऐकू यायची. आवाज कुणाचा ते आम्ही सांगितलं होतं. त्यांनी "हं" म्हणून भिंतीकडे तोंड केलं होतं.

एका रविवारी दुपारी नवरा मनोऱ्याच्या टोकाला पोचला. मला ओढून आणलं, "बघ, बघ!" आणि त्या आनंदात भलतंच बटण दाबलं. बाई तोल जाऊन खाली आली.

"आई गं!"

पाठोपाठ आतल्या खोलीतून आवाज आला, मशीनच्या खडखडाटावर चढवून बोलायची सवय असलेला तो जुना आवाज.

"लागलं का गं?"

नवरा म्हणू लागला, "आई, अगं तो टीव्ही..." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ताई स्वयंपाकघरात कप पुसत होती. फडकं खांद्यावर टाकून ती भिंतीला धरत धरत आतल्या खोलीच्या दारात गेली. सवयीचा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता, मी पाहिला. तिने तो गिळला.

"हो आई," ती म्हणाली. "लागलं. खूप लागलं."

आई भिंतीकडे सरकल्या. हाताने चाचपून पलंगावरची मोकळी जागा थोपटली.

"कुठे? बघू."

ताई त्यांच्याजवळ बसली, बाही वर केली आणि मनगटापासून सुरुवात केली.