शनिवारचा स्टोव्ह

"अर्धं पुस्तक आमचं आहे, अर्धं नाही," असं म्हणून रिबेकाबाईंनी बायबलवरचा हात काढून घेतला.

कोर्टात खसखस पिकली. बेंच क्लार्क, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोर बसून कागद सांभाळणारा कारकून, माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या ड्रॉवरमध्ये शपथेसाठी तीन पुस्तकं असायची. गीता, कुराण, बायबल. रिबेकाबाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. बायबलातला जुना करार त्या मानतात, येशूचा नवा करार नाही. त्यांच्यासाठी चौथं पुस्तक नव्हतं, आणि हे मला आधी सुचलंही नव्हतं.

आरोपीच्या पिंजऱ्यातून मुसाभाई हळूच म्हणाला, "मावशी, कुराण घ्या ना. मुसा, इब्राहिम, तुमचे पैगंबर सगळे आहेत त्यात."

"तू गप रे. पुस्तक कशाला? देव ऐकतोय ना?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हात वर केला. "पुस्तकाची सक्ती कायद्यात नाही. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, एवढं म्हणा."

त्या म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. जरा लवकरच सोडला.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मला वकिलीत चार वर्षं झाली होती. मुसाभाई घाटकोपरच्या एका चाळीत राहायचा, एका कंपनीत ड्रायव्हर होता. मालकाला चाळ रिकामी करून हवी होती आणि मुसाभाई भाडेकरूंना एकत्र करत होता. मग मालकाच्या मुकादमाने तक्रार दिली. शनिवारी दुपारी बारा वाजता मुसाने विक्रोळीच्या गोडाऊनवर येऊन त्याला सळईने मारलं, म्हणे. त्याच संध्याकाळी पोलीस मुसाभाईला घेऊन गेले. शिक्षा झाली असती तर नोकरी गेली असती, आणि घरात तीन मुली. आमच्याकडे बचाव एकच होता. त्या वेळी तो शेजारच्या रिबेकाबाईंच्या खोलीत होता.

सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, पाच मिनिटांत उरकली. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत मुसा माझ्याकडे स्टोव्ह पेटवत होता, असं बाईंनी सांगितलं. मग सरकारी वकील उलटतपासणीला उठले.

"बाई, रोज स्टोव्ह कोण पेटवतं?"

"मीच."

"हात चांगले चालतात?"

"अजून शेवया वळते मी."

"मग त्याच दिवशी हा ड्रायव्हर कशाला लागला?"

हा प्रश्न मी त्यांना कधी विचारलाच नव्हता. म्हातारी बाई, शेजारी मदत करतो, इतकं मी धरून चालले होते. उत्तर फसलं असतं तर सगळी साक्षच बनावट ठरली असती.

"शनिवार होता ना," बाई म्हणाल्या.

"शनिवार असला म्हणून?"

"शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही. सहा दिवसांत देवाने जग केलं, सातवा दिवस त्याचा. माझा नवरा गेल्यापासून मुसा येऊन पेटवून देतो. मी सांगत नाही, तोच येतो. त्या दिवशी बर्नर चोंदला होता. पिन मारता मारता एक वाजला. सगळ्या चाळीला ठाऊक आहे हे. तो मुकादमसुद्धा मागे दोन शनिवारी बघून गेलाय."

मागच्या बाकावर मुकादम बसला होता. त्याने मान खाली घातली. साहेबांनी ते पाहिलं.

"तो मुसलमान, तुम्ही ज्यू. त्याच्यासाठी कोर्टात कशा आलात?" सरकारी वकिलांनी आवाज चढवला.

"माझ्या नवऱ्याचं नाव मोझेस. ह्याचं मुसा. एकाच पैगंबराचं नाव आहे ते. देव एक, त्याला मूर्ती नाही, आणि मेल्यावर जाब त्यालाच द्यायचा. एवढं आमच्या दोघांकडे सारखंच आहे. ह्याच्यासाठी खोटं बोलून मी तिकडे काय तोंड दाखवू?"

सरकारी वकील खाली बसले.

जेवणाच्या सुट्टीत मी मुसाभाईला व्हरांड्यात गाठलं. "तुम्हीपण शनिवार पाळता का?"

"नाही मॅडम. आमच्यात काम बंद असा दिवसच नाही. जुम्याची नमाज झाली की परत गाडीवर. पण त्या लोकांना शनिवारचा हुकूम झाला होता, हे कुराणात आहे. हुकूम देणारा तोच. मग मावशीला तो मोडायला कसा लावू?"

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

पंधरा दिवसांनी निकाल लागला. बाईंच्या सांगण्याला दर आठवड्याच्या सवयीचा आधार आहे, म्हणून ते विश्वासार्ह वाटतं, असं साहेबांनी लिहिलं होतं. मुसाभाई निर्दोष सुटला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. रिबेकाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. "ऊठ आता. आज मंगळवार आहे, चहा मी करते."

त्या दिवसापासून मी साक्षीदाराला काय झालं हे विचारून थांबत नाही, का झालं हेही विचारते. मी नाही विचारलं, तर समोरचा वकील विचारतोच.