पेन्सिलीची तेरा टिंबं

निलंग्याच्या पुढे एस.टी.ने तासभर गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या कॉलेजात तेव्हा बी.एस्सी.ची दोनच वर्षं होती. तिसऱ्या वर्षाची परवानगी यंदा येणार, असं दर जूनमध्ये ऐकू यायचं आणि ती यायची नाही. म्हणून रसायनशास्त्र घेतलेल्यानं दोन वर्षं गावात काढायची, मग दाखला काढून शहरातल्या मोठ्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जागा शोधायची, अशी रीत पडली होती. जागा मिळाली तर विद्यापीठाची पदवी. नाही मिळाली तर दोन वर्षं वाया.

आमच्या बॅचला अकरा जण होतो. दुसरं वर्ष संपल्यावर त्यातल्या आठ जणांनी जागेसाठी प्रयत्नच केला नाही. मला मात्र घरात बसवत नव्हतं. निकाल लागल्यापासून मी दिवसातून दोनदा-तीनदा स्टँडवर जाऊन लातूरच्या गाड्यांच्या वेळा वाचून यायचो. त्या पाठ होत्या, तरी वाचायचो. आई म्हणायची, "पायाला भिंगरी बांधलीस का रं? बस की जरा. गाडी काय तू बघितल्याबिगर सुटत न्हाई का?"

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. माझे वडील नगरपालिकेत वॉलमन होते. गल्लीच्या कोपऱ्यावर लोखंडी झाकणाखाली पाण्याचा वॉल असतो. तो लांब चावीनं उघडायचा आणि घड्याळ बघून बंद करायचा, हे त्यांचं काम. त्या उन्हाळ्यात एका गल्लीला पाचव्या दिवशी पस्तीस मिनिटं पाणी मिळायचं. आमच्या आज्याला ज्या गल्लीच्या आडापासून लांब उभं राहून कोणी वरून पाणी ओतेपर्यंत थांबावं लागायचं, त्या गल्लीची चावी आता वडिलांच्या खांद्यावर होती. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, म्हणून ते मिनिटाला मिनिट धरून चालायचे. आम्हा बौद्धांची गल्ली त्यांनी यादीत शेवटी ठेवली होती आणि त्या गल्लीतल्या नळावर आमच्या घागरी सगळ्यांच्या मागे. पाच माणसांना पाच दिवसांसाठी गोड्या पाण्याच्या आठ घागरी. वापरायचं पाणी खाऱ्या बोअरचं.

तरी शेजारची एक म्हातारी टोचायचीच. "वॉलमनच्या घरी कशाची टंचाई बाई? नळ तर त्यांच्या उशाला हाय."

वडील म्हणायचे, "उशाला न्हाई मावशी, खांद्यावर हाय. धरून बघा जरा, लई जड हाय."

कॉलेजच्या प्रयोगशाळेची वेगळी गत नव्हती. आठवड्याला दोन बादल्या पाणी. द्रावणं करायला लागणारं डिस्टिल्ड वॉटर आमचे सर लातूरच्या बॅटरीच्या दुकानातून कॅनमध्ये आणायचे, एस.टी.त दोन पायांच्या मध्ये धरून. आम्हा अकरा जणांत एकच धड ब्युरेट होती. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली काचेची उभी नळी, खाली तोटी. तिच्यात अल्कली भरायची आणि खालच्या चंबूतल्या आम्लात थेंब थेंब सोडायची. आम्ल पुरतं मारलं गेलं की पाण्यासारखं द्रावण एका थेंबात फिकट गुलाबी होतं. त्या क्षणी तोटी बंद करून आकडा वाचायचा. असे तीन आकडे घ्यायचे आणि तिन्ही जुळले पाहिजेत.

भरण्याआधी ब्युरेट पाण्यानं विसळायची, मग थोड्या अल्कलीनं विसळायची आणि ती अल्कली फेकून द्यायची, असं पुस्तकात होतं. सर म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावाला धरण असंल. आपण परत बीकरमध्ये ओतायची." आम्ही परत ओतायचो. एकच ब्युरेट हातोहात फिरायची, म्हणून प्रत्येक आकड्याआधी ती विसळायची आणि प्रत्येक वेळी विसळलेलं परत ओतायचं, हे अंगवळणी पडलं होतं.

पाणी संपलं की प्रयोग व्हायचा नाही. पण वर्षाअखेरीला जर्नल पूर्ण लागायचं. बावीस प्रयोग, बावीस सह्या. मग सरांनी मागच्या बॅचचं जर्नल टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "उतरवून घ्या." बावीसपैकी नऊ प्रयोग आम्ही केले होते, तेरा उतरवले. सगळ्यांनी उतरवले, मीही. फक्त ज्या पानावरचे आकडे माझे नव्हते, त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब दिलं. कुणाला दाखवायला नाही. पुढे कधी वही उघडली तर कुठले आकडे खरे, हे मला तरी कळावं, एवढंच.

सरांनी बावीसही पानांवर सही केली.

कागदपत्रांसाठी लातूरला तीन फेऱ्या झाल्या. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. छापील अर्जावर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव असायचं, ते शाईनं खोडून वर 'लातूर' लिहायचं आणि खोडलं तिथे सही घ्यायची. सही करणारे साहेब एक आणि खोडलेल्या जागा प्रत्येक कागदावर चार. मी खिडकीपाशी सारखा उभा राहायचो. आतला कारकून म्हणाला, "अरे, एवढी घाई काय करून राहिलास? जिल्हाच अजून नीट बसला न्हाई, तू तरी बस."

सह्या झालेले कागद हातात आले तोवर लातूरच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. नांदेडला एका कॉलेजात दोन शिल्लक आहेत आणि शनिवारी दुपारी प्रवेश बंद होणार, असं कळलं. तो गुरुवार होता. शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. लातूरला गाडी बदलून पुढे अहमदपूर, लोहा. सगळ्या रस्त्याला शेतं सारख्याच रंगाची, मातीच्या. नांदेड आलं तसं गाडी गोदावरीच्या पुलावर चढली. पाणी पात्राच्या एका कडेलाच होतं, पण होतं, आणि उघड्यावर होतं. मी जागेवरून उठून खिडकीशी वाकलो.

कंडक्टर म्हणाला, "बसा पावणे. गोदावरी कुठं पळून न्हाई चालली."

त्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख साठीकडे झुकलेले, बारीक अंगाचे होते. त्यांनी गुणपत्रक बघितलंच नाही, जर्नल मागितलं. "लहान गावांतली जर्नलं फार देखणी असतात," ते म्हणाले. "दहा वह्या उघडा, सगळ्यांचे आकडे जुळे भाऊ." पानं उलटता उलटता ते थांबले. मागे गेले, पुढे आले. "कोपऱ्यात हे टिंब कसलं?"

कागदाला डाग पडला असेल, असं म्हणता आलं असतं. तेरा डाग एकाच कोपऱ्यात पडत नाहीत.

"ते प्रयोग केलेले नाहीत सर. उतरवलेत."

"किती?"

"तेरा."

"आणि हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंस?"

"लिहिलं नाही सर. टिंब दिलं."

त्यांनी वही मिटली. "तेरा प्रयोग न केलेला मुलगा मी तिसऱ्या वर्षाला कसा घेऊ? प्रयोगशाळेत जा. एक टायट्रेशन करून दाखव. आकडे जुळले तर बोलू."

म्हणजे माझी जागा त्या तीन आकड्यांवर आली.

प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला नळ होता आणि एका नळातून पाणी ठिबकत होतं. मी आधी जाऊन तो घट्ट केला. तिथल्या वयस्कर परिचराला सगळे मामा म्हणत. माझा अर्ज वाचून ते हळूच "जयभीम" म्हणाले आणि आम्लाची बाटली, अल्कलीचं शंभर मिलिलिटरचं बीकर समोर ठेवून गेले.

काम मला येत होतं. ब्युरेट विसळली, अल्कलीनं विसळली, परत ओतली, भरली. पहिला आकडा ९.८. पुन्हा विसळून, ओतून, भरून दुसरा: १०.०. वाटलं, रंग पकडायला उशीर झाला. तिसऱ्या वेळी डोळा चंबूवरून हलवला नाही. १०.२.

मामा येऊन बघून गेले. परत आले. "तिन्ही सारखे लिही लेकरा. साहेब आकडेच बघतात, चंबू नाही बघत. समदे तसंच करतात."

मी पेन हातात धरून बसलो. ९.८ तीनदा लिहिणं ही दहा सेकंदांची गोष्ट होती. पण मला ते आकडे बघून वेगळीच चुळबुळ लागली. चूक असती तर ते इकडेतिकडे गेले असते. हे एकाच बाजूला चालले होते, आणि सारख्या पावलांनी. घड्याळासारखे. पॉइंट दोन, पॉइंट दोन. म्हणजे अल्कली दर वेळी थोडी पातळ होत होती. कुठून? मी ब्युरेट पाण्यानं विसळून रिकामी केली आणि उजेडात धरली. काचेला आणि तोटीत पाणी अडकलेलं होतं. ते दीड-दोन मिलिलिटर असेल. मी ते अल्कलीसोबत दर वेळी बीकरमध्ये परत ओतत होतो. शंभरात दोन.

तिन्ही आकडे जसे आले तसे लिहून मी वही नेली.

प्रमुख म्हणाले, "हे काय? हे तर चढत चाललेत."

"माझ्यामुळे चढलेत सर. मी विसळलेलं परत ओतलं. दर वेळी दोन टक्के पाणी गेलं."

"परत ओतलं? का?"

"आमच्याकडे फेकत नाहीत."

त्यांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पहिल्या आकड्यातही ते पाणी आहे. मग खरा आकडा किती?"

"नऊ पॉइंट सहा."

"अंदाजानं सांगतोस?"

"हिशेबानं."

"चल, माझ्यासमोर कर. आणि या वेळी फेकायचं."

मामांनी ताजी अल्कली दिली. मी ब्युरेट अल्कलीनं विसळली आणि बेसिनवर धरली, पण तोटी उघडेना. अडकली नव्हती, माझीच बोटं फिरत नव्हती. प्रमुखांनी हात लांब करून बेसिनवरचा नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो जाळीतून जायला लागलं. एवढं पाणी माणूस समोर उभा असताना नुसतं वाहतंय, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी त्यांना "सर, बंद करा" म्हणालो. विद्यार्थ्यानं विभागप्रमुखाला असं म्हणू नये.

"तू आधी फेक. मग बंद करतो."

मी फेकलं. त्यांनी नळ बंद केला. आकडे आले ९.६, ९.६ आणि ९.५. शेवटच्या वेळी मी घाई केली होती. ९.५ तसाच लिहिला.

त्यांनी तिथल्या टेबलावरच अर्जावर सही केली. "हे तेरा प्रयोग दिवाळीच्या आत पुन्हा करायचे. रविवारी मामा खोली उघडून देतील. एक प्रयोग झाला की एक टिंब खोडायचं, आधी नाही."

जून ते दिवाळी मी नांदेडला नीट रुळलो असं म्हणता येणार नाही. वसतिगृहात रोज पाणी यायचं. मुलं तोंड धुताना नळ चालू ठेवून गप्पा मारत आणि मी जाऊन बंद करायचो. आठवड्यात माझं नाव पडलं. "नळ बंद करा रे, वॉलमन येऊन राहिलाय!" त्यांना वडिलांचं काम माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. रविवारी प्रयोग करायचो, फेकायचं तेवढं फेकायचो आणि किती फेकलं ते जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहायचो. दिवाळीआधीच्या रविवारी तेरावं टिंब खोडलं.

सुट्टीत गावी आल्यावर आधी सरांकडे गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. जर्नल हातात घेऊन त्यांनी सरळ पानांचे कोपरे बघितले.

"टिंबं खोडलीस?"

सही करताना त्यांनी ती बघितली होती, हे मला तेव्हा कळलं.

"केले सर प्रयोग. तेराही."

"हं." पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "विसळलेलं परत ओता म्हणून मीच शिकवलं. अडलं असंल तुझं तिथं."

"अडलं होतं. मग निघालं."

"पाऊस झाला की इथंही फेकायला सांगतो पोरांना," ते म्हणाले आणि वही परत दिली.

घरी वडील वॉलवर जायच्या तयारीत होते. मला जागा कशी मिळाली, ते त्यांना पत्रात लिहिलं नव्हतं. आता सगळं सांगितलं, बेसिनवरचा नळसुद्धा. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "तेरा प्रयोगांत सांडलं किती?"

मी जर्नलचं शेवटचं पान दाखवलं. बेरीज साठ लिटरच्या आसपास होती.

"चार घागरी," वडील म्हणाले. बोटांवर मोजलं. "म्हंजे घरच्या अडीच दिसाचं."

"हाव."

त्यांनी चावी उचलून खांद्यावर घेतली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"शेजारच्या मावशीला सांगू नको," म्हणाले.