मुख्य कलमांतला रविवार
सुक्या जवळ्याचा वास आला की आजही माझा घास अडतो. तीस सालच्या सुमाराला रेवदंड्यात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी जेमतेम वीस घरांची होती आणि मी शाळामास्तर म्हणून तिचा चिटणीस होतो. मंडळी काय मानते त्याचे विश्वासपत्र आम्ही नुकतेच लिहून काढले होते. ज्यांवाचून तारण नाही ती मुख्य कलमे वर, ज्यांत मतभेद चालेल ती दुय्यम खाली. रविवारी काम करू नये, हे कलम मी हट्टाने वर घालायला लावले. वैशाखातल्या एका रविवारी उपासना चालू असतानाच आभाळ भरून आले, तशी मागे बसलेली एक विधवा कोळीण उठून किनाऱ्याकडे धावली आणि सर येण्याआधी तिने वाळूवर पसरलेला जवळा उचलला. संध्याकाळी पाळकांनी तिला पंचांसमोर विचारले. ती म्हणाली, “व्हय, उचलला. येशूला न्हाय सोडला मी. पन जवला भिजला असता तं पावसाल्यात पोरांनी काय खाल्लं असतं? मास्तर, तुमी तरी सांगा.” मी दौतीत टाक बुडवत राहिलो. तिच्या जवळ्याशेजारी आमच्या घरचाही जवळा वाळत होता, आणि तोही तिनेच उचलून आमच्या पडवीत कोरडा आणून ठेवला होता; दुपारी मी तो पाहिला होता. तिला तीन महिने प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बंद, असा ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला. पुढे ते कलम दुय्यमांत गेले, पण ती पुन्हा मंडळीत आली नाही. जवळा मात्र आम्ही पावसाळाभर खाल्ला.