घोडी शिंकली, मालक सापडला

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नुसती मान हलवू नका, तोंडाने म्हणा! उभं आयुष्य बातमीदारीत घालवलंय मी. भल्याभल्यांना पहिल्या पानावर उघडं पाडलं. पण ज्या आरोपीच्या मागे मी सगळ्यात जास्त त्वेषाने लागलो, त्याची गोष्ट सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

आमच्या पाचोऱ्यात सुपडू नाना म्हणून आहेत. नवरदेवाची घोडी म्हटलं की नाना, आणि नाना म्हटलं की मैना. मैना म्हणजे त्यांची घोडी. पांढरीशुभ्र, डौलदार. बँडवाला बेसूर वाजवायला लागला की कान मागे टाकणारी. गावातले निम्मे संसार तिच्या पाठीवरून सुरू झालेत. ते कसे चालले, याला अर्थातच मैना जबाबदार नाही.

तुळशीचं लग्न लागलं, लगीनसराई तोंडावर आली आणि एका सकाळी नाना माझ्या दारात उभे. नाक लालबुंद, डोळे सुजलेले, तोंडावर उपरणं धरलेलं.

"नाना, कोण गेलं?"

"कोनीच नही गयं भाऊ," नाना नाक पुसत म्हणाले. "मैना बठ्ठी रात खोकलस. आनि मी शिंकस. घरमा कोनी झोपत नही."

"मग डॉक्टरकडे जा ना! माझ्याकडे काय?"

"डॉक्टर येतीनच. पन जामनेरना पाटील काल सांगी गया, वरातमा घोडी खोकली ते नवरदेवले जीपवर बसाडसूत." नानांनी उपरण्याने परत नाक पुसलं. "एक पार्टी गयी ना भाऊ, ते बठ्ठ्या जातीन. मंग मैनाले इकनी पडी."

मैनाला विकणार? माझ्यातला बातमीदार ताडकन उठून बसला. चहा तसाच ठेवून मी स्कूटर काढली.

नानांचं घर गावाच्या टोकाला आहे. एके काळी तिथे शेतंच शेतं होती, आता चहूबाजूंनी कॉलनी झालीय. घरामागे मैनाचा गोठा. आणि गोठ्याला लागून, वाऱ्याच्या अगदी तोंडावर, एक मोकळा प्लॉट. मोकळा कसला! छातीएवढं गाजर गवत, आणि सगळं फुलोऱ्यात. पांढऱ्या फुलांचा नुसता समुद्र. कोपऱ्यात विजेचा एक खांब, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करावा तसा वाकलेला.

मी ऐटीत पुढे झालो. "हे बघा नाना, हे जे गवत आहे ना, हेच..." आणि शिंकलो. परत शिंकलो. मग शिंकतच राहिलो. गोठ्यातून मैना खोकली, ओट्यावरून नाना शिंकले, मध्ये मी. तिघांची जुगलबंदी चालली होती म्हणा ना!

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, पण बोलायला एकदम खणखणीत. मैनाची छाती ऐकली, नाकपुड्या बघितल्या, आणि गोठ्यातलं कुटार मुठीत घेऊन फुंकलं. हरभरा मळल्यावर जो भुसा उरतो ना, तेच कुटार. धुळीचा असा लोट उठला की बाई स्वतःच मागे सरकल्या.

"नाना, हिला ॲलर्जी आहे. फुलांचे परागकण आणि ही धूळ. तुम्हालाही तीच."

"म्हंजे दोन्हीसले एकच?" नानांना त्यात कुठेतरी अभिमानच वाटला असावा.

"एकच. आता ऐका. चारा भिजवूनच घालायचा. तोंडाला चाऱ्याचा तोबरा बांधायचा नाही, त्यात ती धूळच ओढते. जमिनीवर पसरट घमेल्यात खाऊ द्या, म्हणजे नाक खाली राहून मोकळं होतं. ती आत असताना गोठा झाडायचा नाही. ओल्या फडक्याने नाकपुड्या पुसा. तुम्ही तोंडाला रुमाल बांधा, काम झालं की कपडे बदला, तोंड धुवा. तिला औषध मी देते. आणि शेजारचं हे गवत जायलाच पाहिजे."

हे ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं? चार माणसं बोलावून गवत काढायला घेतलं असतं. मी काय केलं? मी विचारलं, "ते सगळं ठीक आहे डॉक्टर, पण यातला आरोपी कोण?"

"आरोपी?"

"हा प्लॉट कोणाचा? कोण हा बेजबाबदार माणूस?"

बाईंनी हातावरचा भुसा झटकला. "भाऊ, आधी कुटार भिजवू या. आरोपीला नंतर भिजवा."

पण माझ्या अंगात संचारलं होतं. बातमीला फोटो हवा. नुसत्या गवताचा फोटो कोण बघतो? मी नानांना म्हटलं, मैनाला जरा गवतात उभी करा. अगदी मधोमध. हां, मान वर. पांढरी घोडी, पांढरी फुलं, मागे वाकडा खांब. काय फोटो आला म्हणता! प्रदर्शनात लावावा असा!

त्या फोटोपायी मैना दुसऱ्या दिवशी इतकी खोकली की डॉक्टरीणबाईंनी मला फोन करून झाडलं. "एवढं शिकलेले तुम्ही, आणि ॲलर्जी झालेल्या जनावराला फुलोऱ्यात उभं करता?" मी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेवढ्याच शांतपणे याचाही दोष प्लॉटच्या मालकावर टाकला. त्याने गवत वाढवलंच नसतं तर मी फोटो काढला असता का? सांगा!

बातमी झळकली. 'गाजर गवताने कोंडला मैनाचा श्वास! वाकड्या खांबाशेजारील प्लॉटचा मालक झोपेत?' नाश्त्याच्या वेळी मी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती पोहे वाढत होती.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "पण अहो, आपण घेऊन ठेवलेल्या त्या प्लॉटवरही एकदा जाऊन या ना. घेतल्यापासून कुणी फिरकलं नाही तिकडे."

"अगं, इथे एका मुक्या जिवाचा श्वास अडकलाय आणि तुला प्लॉट सुचतो?"

तिने पोह्यांवर लिंबू जरा जोरातच पिळलं, एवढंच.

मग मी नगरपालिकेत फोन लावला. चौधरी म्हणून तिथले कारकून, जुन्या ओळखीतले. एरवी माझा आवाज ऐकला की आपणहून दोन बातम्या देणारा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज एकदम खोल गेला.

"भाऊ, मालकाचं नाव तर सापडलंय."

"मग सांगा!"

"फोनवर नको. तुम्ही ऑफिसला या ना, चहा घेऊ."

"चहा? चहा पाजून माझं तोंड बंद करणार?"

"तसं नाही हो भाऊ. माणूस जरा... मोठा आहे."

"कितीही मोठा असू दे!"

"तापट पण आहे. कधी काय छापून आणेल, भरवसा नाही."

"म्हणजे पेपरवाल्यांशी संधान बांधलंय त्याने! बघा! मी त्याच्या बापाला घाबरत नाही!"

"वडिलांना मध्ये नका आणू भाऊ," चौधरी कळवळून म्हणाले. "फार सज्जन गृहस्थ होते."

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला! पण भलताच पडला. दुसऱ्या दिवशीचा मथळा होता, 'मालकाचं नाव घ्यायला पालिका कचरते! कोण ही बडी हस्ती?'

गावात चर्चेला ऊत आला. पानटपरीवर कोणी आमदाराचा साडू म्हणे, कोणी जिनिंगवाला शेठ म्हणे. मी नुसता गूढ हसायचो. मलाही माहीत नव्हतं, पण गूढ हसायला माहिती कुठे लागते?

इकडे जामनेरची वरात जवळ येत चालली होती. नाना चारा भिजवत होते, मैनाचं नाक पुसत होते, स्वतः तोंडाला रुमाल बांधून दरोडेखोरासारखे फिरत होते. खोकला कमी झाला होता, पण वारा सुटला की परत सुरू.

"भाऊ," नाना एकदा दबकत म्हणाले, "मालक मरू द्या. आपनच उपटी टाकूत का?"

"अजिबात नाही! आज आपण उपटलं, तर उद्या तो निर्लज्ज माणूस परत वाढवेल. त्याला चारचौघांत लाज वाटली पाहिजे!"

आणि मी जाहीर करून टाकलं. रविवारी सकाळी त्याच प्लॉटवर बेपत्ता मालकाचा निषेध-सत्कार! शाल, नारळ आणि गाजर गवताचा हार! मालक आला तर त्याला प्रत्यक्ष, नाही आला तर त्याच्या रिकाम्या खुर्चीला. सत्कारानंतर सार्वजनिक गवत-उपटणी. शहरवासीयांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.

आणि उपस्थित राहिलेही हो! आपल्याकडे काम करायला चार माणसं जमत नाहीत, पण दुसऱ्याची फजिती बघायला अख्खं गाव येतं. मोकळी खुर्ची मांडली होती. डॉक्टरीणबाईंनी मैनाला आधीच वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब नेऊन बांधायला लावलं होतं. आलेल्यांना हातमोजे आणि मास्क वाटले, गवतावर पाणी मारून घेतलं. फुलं कोरडी उपटली तर सगळी भुकटी नाकात जाते, म्हणून. हार करणाऱ्यांनीही हातमोजे घालूनच केला. चौधरी गर्दीच्या पार मागे, भिंतीआड उभे होते. मी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि भाषणाला उभा राहिलो.

"बंधू-भगिनींनो! हा मालक कसा असेल? जागा घ्यायला पुढे, जागेकडे बघायला मात्र वेळ नाही! दुसऱ्याच्या अंगणात नाक खुपसणार, स्वतःच्या अंगणात काय वाढलंय याचा पत्ता नाही! असा माणूस समाजाला कलंक आहे!"

टाळ्या! काय टाळ्या पडल्या! मला वाटलं, माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. आजही वाटतं.

तेवढ्यात बायको रिक्षातून उतरली. शाल आणायला मीच सांगितलं होतं. मला ठिकठिकाणी मिळालेल्या शालींनी आमचं एक कपाट भरलंय, त्यातलीच एक. ती गर्दीतून वाट काढत आली आणि मध्येच थबकली. तिने वर पाहिलं. खांबाकडे. मग डावीकडे, उजवीकडे, परत खांबाकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली. म्हणजे तिला हळूच वाटलं असावं. माझ्या हातात माईक होता आणि माईक चालू होता. "हा तोच खांब ना?"

"कुठला खांब?"

"मी म्हटलं नव्हतं का, वाकड्या खांबाखाली मला घर नको? आणि तुम्ही म्हणालात, खांबाचं काय घेऊन बसलीस, पत्रकार आहे मी, उद्या सरळ करून घेतो?"

मी खांबाकडे पाहिलं. खांब माझ्याकडे वाकून बघत होता. वर्षानुवर्षं तसाच.

खरं सांगतो, मी तो प्लॉट एकदाच पाहिला होता. तेव्हा इथे कपाशी निघालेलं काळं रान होतं, पांढऱ्या फक्कीने आखलेलं. दलालाच्या मोटरसायकलवर मागे बसून, पलीकडच्या रस्त्याने आलो होतो. आता रस्ते बदलले, घरं उठली, कॉलनीचं नाव बदललं. बदलला नाही तो फक्त खांब! मीच बातमीत त्याचा पत्ता छापला, तोही पहिल्या पानावर.

"चौधरी!" माझा आवाज माझा मलाच ओळखू येईना.

भिंतीआडून चौधरी बाहेर आले. "म्हणूनच म्हणत होतो भाऊ, ऑफिसला या. चहा घेऊ."

आणि मग सुपडू नाना, ज्यांनी आजवर माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता, ते तोंडावरचा रुमाल खाली ओढून ओरडले, "अरे, हाऊच शे मालक! बसाडा रे भाऊले खुर्चीवर!"

बसवलं हो. माझीच शाल, माझ्याच बायकोच्या हातून. नारळ नानांनी दिला. हार घालताना मात्र डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "अंगाला लागू देऊ नका, खाजेल," म्हणाल्या आणि तो हार खुर्चीच्या पाठीला अडकवला. मला वाचवणारी ती एकच व्यक्ती, आणि तीही वैद्यकीय कारणासाठी. फोटो कोणी काढले? सगळ्यांनी! मी मैनाचा काढला होता तसेच. मागे वाकडा खांब, पुढे मी, मान खाली.

मग कोट काढला, हातमोजे चढवले आणि सगळ्यात आधी मी वाकलो. उन्हं डोक्यावर येईपर्यंत उपटत होतो. मास्क लावूनही शिंकत होतो. दर शिंकेला गर्दीतून आवाज यायचा, "मालक, सावकाश!"

जामनेरच्या वरातीला मी मुद्दाम गेलो. मैना अशी चालली म्हणता! मान उंच, पाय बँडच्या ठेक्यावर, खोकल्याचा मागमूस नाही. पाटलांनी जीप परत पाठवली. नानांचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ॲलर्जीने नाही.

आता माझ्या प्लॉटवर नाना मैनाला मोकळं सोडतात. बायको सगळ्यांना सांगते, "आमच्या ह्यांनी प्लॉट घेतला तेव्हापासून त्यावर काहीतरी उभं राहावं अशी इच्छा होती. आता घोडी उभी असते."

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही. मैना आता कुणासमोर खोकत नाही. नवरदेव, बँड, फटाके, गुलाल, कशाचंच तिला काही नाही. पण मी जवळ गेलो की ती मान वळवते, माझ्याकडे नीट निरखून बघते आणि थेट माझ्या तोंडावर शिंकते.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्यांनी तिला परत तपासलं, छाती ऐकली, नाकपुड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ॲलर्जी पूर्ण आटोक्यात आहे, भाऊ. घोडीला आता फक्त तुम्ही चालत नाही."