नागनाथ पेंटरचा गड्डा

सोलापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. नागनाथ पेंटरचं शेवटचं चित्र पुण्याला, आमच्या कामगार सभागृहात न्यायचं, एवढ्यासाठी मी आलो होतो. जन्मभर सिनेमाचे फलक रंगवणारा हा माणूस पावसाळ्यात गेला. चित्र द्यायचं त्यानेच कबूल केलं होतं.

त्याची खोली एवढीशी. चित्राच्या कापडाने एक अख्खी भिंत व्यापलेली. गड्ड्यातली (सिद्धेश्वराच्या जत्रेतली) रात्र म्हणे. मला दिसले लाल-पिवळे फराटे आणि काळे डाग. त्याच्या पत्नीने, अंबूबाईंनी, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे ठेवली. खाता खाता मी त्यांना चित्र समजावलं. लाल म्हणजे कामगाराचा संताप, पिवळा म्हणजे पैशाची मस्ती, काळी ती पिळली जाणारी माणसं.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “पर मी कुटं हाय त्यात?”

गड्ड्यात दरवर्षी तंबूतल्या सिनेमांचे फलक रंगवायचे, म्हणून नागनाथने बायकोला एकदाही जत्रा दाखवली नव्हती. चित्रात घेतो, म्हणाला होता. आज चित्र निघालं, आणि त्यांना त्या काही सापडत नव्हत्या. मीही नाक लावून शोधलं.

दारात शेजारचे रज्जाकचाचा उभे होते. नागनाथच्या जोडीने तेही फलक रंगवत. “मियाँ, उनो सडक के उस पार से देखने का रंगाते थे. खोली में क्या दिखता?”

आम्ही खिळे काढले. एक टोक चाचांनी धरलं, एक मी, आणि गल्लीत कापड ताणून त्यामागे उभे राहिलो. अंबूबाई समोरच्या नळापर्यंत मागे गेल्या. मला फक्त त्यांचा आवाज येत होता.

“पाळणा हाय. लई मोठा. बत्त्या बी.” मग चपला आणखी थोड्या मागे सरकल्या. “वरच्या डब्यात मी. हिरवं लुगडं. माजंच की ते.”

“हात दुखते, भाभी,” चाचा म्हणाले.

“दुकू द्या.”

“नेऊ ना, वहिनी?” मी विचारलं.

“मला एकलीला पुण्याला धाडता व्हय?” पुन्हा चपला वाजल्या. “थांबा. शेजारी हे हायेत. कानामागं ब्रश हाय. सोबत हाय की मला. न्या आता.”

परतीच्या गाडीत गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो आहे. लाल रंगाचा मी सांगितलेला अर्थ खोटा होता, असं मला आताही वाटत नाही. पण त्या लालाच्या मधोमध एका माणसाने बायकोला पाळण्यात बसवलं आहे आणि ते मी अजून पाहिलेलं नाही. आमच्या सभागृहात खुर्च्या थेट भिंतीला भिडतात. पुढच्या रांगा काढायला सांगणार आहे. वाद होईल, पण सगळ्यांना मागे सरावं लागेल, आणि सगळ्यांत आधी मला.