बापटांचा नवा ट्रिगर

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासानं मला आमच्या शूटिंग रेंजवरचे, पिस्तुलाला तेच तेल घालणारे बापट आठवतात. बोटाच्या झटक्यानं नेम चुकायचा, दोष मात्र पिस्तुलाला. निवड चाचणीच्या सकाळी त्यांनी परदेशी ट्रिगर आणि स्प्रिंग स्वतःच बसवली आणि “लोण्यासारखा झालाय!” म्हणत पिस्तूल सगळ्यांपुढे मिरवलं. तपासणीत परीक्षकांनी रिकाम्या पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाचं ठरलेलं वजन टांगलं; तेवढ्यानं ट्रिगर सुटता कामा नये. पण वजन पेलायच्या आधीच ट्रिगर खट्‌कन सुटला. पिस्तूल बाद, बापटही बाद.

“अहो बापट, ट्रिगर बदलून झाला,” परीक्षक म्हणाले, “आता बोट बदलून बघा.”

तेव्हा मला त्यांची दया आली होती. परवा हेच गृहस्थ मोबाइलवर एका व्हिडिओत दिसले, लोकांना ट्रिगर बसवायला शिकवताना. ती दया मी परत घेतली.